वेगळी ठेवलेली सुपारी

सरकारचं वर्ष मार्चला संपतं, आमचं वैशाखात. अक्षय तृतीया उलटली, यात्रा आटोपल्या, पडदे धुऊन वाळत पडले की आमचे खजिनदार लाल कापडी बांधणीची वही काढतात आणि आम्ही सगळे जुन्नरात मोहल्ल्यातल्या एका जुन्या पडवीत हिशोबाला बसतो. या पडवीत पूर्वी कागद व्हायचा असं म्हातारी माणसं सांगतात. जुन्नरी कागदाचं नाव एके काळी मोठं होतं. आता तिथं आमचा हार्मोनियम, दोन ढोलक्या, एक हलगी, तुणतुणं आणि एक पत्र्याची पेटी असते. पेटीत सरदाराचा फेटा, मावशीचं लुगडं आणि सोंगाड्याची टोपी.

आम्ही अकराजण. प्राथमिक शाळेतले एक निवृत्त मास्तर, एस. टी.तले एक वाहक, नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात आडत्याकडे लिहिणारा एक कारकून, घोडेगावची एक अंगणवाडीताई, एक शिंपी, मंचरला मोबाईल दुरुस्त करणारा एक पोरगा, असे. हौशी म्हणा, वेडे म्हणा. संस्था मात्र रीतसर नोंदलेली आहे, 1860च्या आणि 1950च्या अशा दोन्ही कायद्यांखाली. नफा आपसात वाटून घ्यायचा नाही असं घटनेत लिहावं लागतं. ते कलम लिहिताना आम्ही पोट धरून हसलो होतो. नफा!

2024-25चा हंगाम हा आमचा शेवटचा सलग हंगाम. त्यात एकोणीस प्रयोग झाले. त्याचा हिशोब मांडायला आम्ही बसलो तेव्हा जमा-खर्च जुळला, एवढंच नव्हे तर सतराशे रुपये शिल्लक निघाले. तरी खजिनदारांनी वही मिटली नाही. शेवटच्या पानाला एक पाकीट टाचणीनं लावलेलं होतं. त्यात साडेअकरा हजार रुपये. ते जमेत धरलेले नव्हते. "हे कुठं दाखवू?" त्यांनी विचारलं. कुणीच बोललं नाही. त्या पाकिटाबद्दल लिहायचं म्हणून हा लेख. पण आधी हंगाम सांगितला पाहिजे, नाहीतर पाकीट कळायचं नाही.

आमच्या भागात तमाशाची पंढरी नारायणगाव. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला, विठाबाई इथल्या. फडाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि वैशाखात संपतं. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात राहुट्या लागतात. प्रत्येक फडाची एक राहुटी, बाहेर नावाचा फलक, आत मालक किंवा व्यवस्थापक तक्क्याला टेकून बसलेले. गावोगावचे पंच येतात, यात्रेची तारीख सांगतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. सुपारी म्हणजे बयाणा. मोठ्या फडाचा आकडा लाखांच्या घरात जातो, कारण शंभरावर माणसं, ट्रक, जनरेटर आणि सगळ्यांचं जेवण त्यात असतं.

आमची राहुटी नाही. आम्ही राहुट्यांच्या समोर चहाच्या टपरीवर उभे राहतो. फडाचा आकडा ऐकून जे पंच तोंड पाडून बाहेर येतात, ते चहाला टपरीवर येतात, आणि तिथं आम्ही असतो. यात कमीपणा काही नाही. फडमालकांना हे ठाऊक असतं. कधी तेच सांगतात, "तुमच्या गावाला परवडायचं नाही, समोर मास्तर उभे आहेत, त्यांना विचारा."

2025चा पाडवा 30 मार्चला आला, रविवारी. त्या दिवशी रमजानचा एकोणतिसावा रोजा होता. आमचे चाचा सकाळपासून टपरीवर उभे, पाण्याचा घोट नाही. ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. चाचा म्हणजे आमचे गण म्हणणारे. धंदा मणेराचा. जुन्नर-आंबेगावच्या यात्रांमधून पन्नास वर्षं बांगड्या भरत आले. कुठल्या गावात कुणाच्या मनगटाला किती मापाची बांगडी लागते हे त्यांना पाठ. त्या दिवशी संध्याकाळी एका फडाच्या राहुटीतून ताट आलं, पाडव्याच्या पुरणपोळ्यांचं. पाठवणाऱ्या बाईंनी निरोप दिला होता, "चाचांना सांगा, सूर्य बुडाल्यावरच खा, आम्हाला माहीत आहे." चाचांनी खजुरानं रोजा सोडला आणि पोळी तुपात बुडवून खाल्ली. तासाभरात चांद दिसल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी ईद. त्या एका दिवसात आम्हाला सहा सुपाऱ्या मिळाल्या होत्या. एवढ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

इथं थोडं फडांबद्दल सांगतो, कारण आमच्या आणि त्यांच्यातला फरक आम्हाला विसरायचा नाही. 2020 साली पाडवा 25 मार्चला होता, आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला. ज्या दिवशी सुपाऱ्या ठरायच्या त्याच दिवशी कुलूप. पुढचं वर्षही तसंच गेलं. आमचं काय बिघडलं? मास्तरांचं निवृत्तिवेतन येत होतं, वाहकाचा पगार उशिरा का होईना येत होता. फडातली माणसं मात्र कर्ज उचलून जगली. काही ढोलकीवाले मजुरीला गेले. आम्ही धान्य गोळा करून नेलं, पण देताना मान वर होत नव्हती. ज्यांच्याकडून आम्ही ठेका शिकलो त्यांना आम्ही पाच किलो गहू देत होतो. विठाबाईंचं सगळ्यांना माहीत आहे. प्रयोग चालू असताना पडद्यामागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. हे लोक अभिमानानं सांगतात. त्याच विठाबाईंची शेवटची वर्षं ओढगस्तीत गेली, 15 जानेवारी 2002ला त्या गेल्या, हे तितक्या मोठ्या आवाजात कुणी सांगत नाही. आम्ही 'ना नफा' आहोत असं कुणी कौतुकानं म्हटलं की आम्हाला हे आठवतं. नफा नको म्हणणं पोट भरलेल्याला सोपं असतं.

तर हंगाम. वग आमचाच लिहिलेला, आंबेगावचा. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं, ते इथल्याच महाळुंगे पडवळचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. आमच्या वगात एक म्हातारा आपल्या बुडालेल्या घराचा उतारा मागायला कचेरीत जातो आणि सोंगाड्या झालेला शिपाई त्याला विचारतो, "तालुका?" "आंबेगाव." "गाव?" "आंबेगाव." "मुक्काम?" "पाण्यात." यावर दर गावात हशा पिकायचा. आमचा सोंगाड्या म्हणजे तो मंचरचा मोबाईलवाला पोरगा. चाचांच्या नात्यातलाच, त्यांना मामू म्हणतो. अंगानं काटकुळा, चेहऱ्यावर कायम आत्ताच झोपेतून उठल्याचा भाव. त्यानं नुसती मान वळवली तरी लोक हसतात. असं माणूस शिकवून तयार होत नाही.

घोडेगावच्या बाजूला एका वाडीत प्रयोग झाला तेव्हा मात्र त्या जागी कुणी हसलं नाही. समोर बसलेली निम्मी माणसं त्या गावातून उठून आलेली होती, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. चुकलं आमचंच, विचारायला हवं होतं. सोंगाड्या क्षणभर गांगरला. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि आमच्या मागच्या पडद्याकडे बोट करून म्हणाली, "नदी त्या अंगाला न्हवती रं. बाजाराच्या मागनं व्हती." आमच्या शिंप्यानं रंगवलेला पडदा. त्यात नदी डावीकडं काढलेली. मग दुसरा म्हातारा उठला, म्हणाला, बाजार कुठं, आधी पार. तिसरा म्हणाला पार नव्हे, चावडी. बघता बघता वग थांबला आणि गाव बोलायला लागलं. कुणाचं दुकान कुठं होतं, कुणाच्या दारात उंबर होता. सोंगाड्या शहाणा, तो शिपायाच्या भूमिकेतून बाहेर न येता म्हणाला, "एकेकानं सांगा, नोंद करून घेतो," आणि खरोखरच खिशातलं पेन काढून लिहू लागला. अर्धा तास हे चाललं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. आम्ही बाकीचे विंगेत एकमेकांकडे बघत होतो. कुणालाही सुचलेलं नव्हतं असं काहीतरी समोर होत होतं.

पुढच्या प्रयोगापर्यंत शिंप्यानं नदी उजवीकडं मागं नेली. तेव्हापासून तो कागद वगाचा भाग झाला. शिपाई दर गावात त्यातली नावं वाचायचा. आम्ही पुण्याला 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' बघितलं होतं, राजकुमार तांगडे यांचं, जालन्याकडच्या शेतकरी नटांनी केलेलं. तेव्हापासून मास्तरांना वाटायचं, आपल्या मातीतलं असं काही आपल्याकडून व्हावं. त्या वाडीत ते झालं, असं ते म्हणतात. बाकीच्यांना एवढं मोठं बोलायला संकोच वाटतो. पण खोटंही वाटत नाही.

वेळेचा प्रश्न होता. रात्री दहानंतर कर्णा बंद, हा 2000 सालापासूनचा नियम. जुने लोक सांगतात, पूर्वी वग मध्यरात्री रंगात यायचा आणि कोंबडा आरवला की संपायचा. आमचा तीन तासांचा वग आम्ही कापत कापत सव्वा तासावर आणला. त्यात बिबट्या. आमच्या दोन्ही तालुक्यांत ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे, पण सगळे काही निवाऱ्याला जात नाहीत. फेब्रुवारीत एका प्रयोगाहून परतताना ओतूरच्या अलीकडं आमची जीप बंद पडली. दोन्ही बाजूंना ऊस. मोबाईलला रेंज नाही. पाचट सळसळलं असं अंगणवाडीताईंना वाटलं. झालं, सगळे जीपमध्ये एकमेकांच्या अंगावर. तेव्हा ढोलकीवाल्यानं काचा वर करून ढोलकी घेतली, एकानं हलगी, आणि आम्ही पाऊण तास गाडीत बसून जे येईल ते वाजवलं. चाचांनी गण म्हटला, गवळण म्हटली, मग एक कव्वाली, मग जुन्या सिनेमातली गाणी. दुधाची गाडी आली तेव्हा ड्रायव्हर घाबरून लांबच थांबला. नंतर म्हणाला, "आम्हाला वाटलं भुतांची वरात." बिबट्या होता की नाही देव जाणे. असला तर त्यानं एवढा तमाशा फुकट ऐकला.

मार्चपासून दोन-तीन गावांनी आम्हाला दुपारी चारची वेळ दिली, अंधाराआधी लोक घरी जावेत म्हणून. आम्ही कुरकुरलो. उन्हात तमाशा म्हणजे काय? पण दुपारी बायका आल्या. आमच्याकडं गावातल्या बाईनं तमाशाला बसायची रीत नाही. रात्री तर नाहीच. चार वाजता मात्र त्या लेकरं घेऊन मांडवाच्या कडेला बसल्या, आधी पदर तोंडाला, मग सोडून. अंगणवाडीताई म्हणाल्या की आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोरून बाईचं हसू ऐकू आलं.

आता पाकीट.

22 एप्रिल 2025ला पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला. 26 माणसं मारली गेली. त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते, पुण्याचेही होते. त्या रात्री आमचा प्रयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी होता, तो आम्ही दोन मिनिटं उभं राहून सुरू केला. चाचा सगळ्यांत पुढं उभे होते. त्याच आठवड्यात पुढच्या गावाहून मास्तरांना फोन आला. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावात आम्ही पाच-सहा वर्षं जातो आहोत. फोनवरचा माणूस भला आहे, मास्तरांचा विद्यार्थी. म्हणाला, "मास्तर, कार्यक्रम ठरल्यापरमानंच. फक्त यंदा गण दुसऱ्या कुणाला म्हणायला लावा. आमची काही हरकत न्हाई, पण पोरं तापल्याली हायत. उगं कशाला."

'आमची काही हरकत नाही, पण' हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकत नव्हतो. ताई आमच्यात आल्या तेव्हा ऐकलं होतं. हलगीवाल्याला पंगतीत कुठं बसवायचं यावरून एका ठिकाणी ऐकलं होतं. हरकत कुणाचीच नसते. ती नेहमी कुणातरी दुसऱ्याची असते आणि तो दुसरा कधी समोर येत नाही.

गण म्हणजे गणपतीला आवाहन. तमाशा त्याशिवाय उभा राहत नाही. चाचांनी तो एका म्हाताऱ्या मांग उस्तादाकडून घेतला, ते नारायणगावच्या फडात वाजवायचे. उस्तादांनी तो पठ्ठे बापूरावांच्या परंपरेतून उचललेला. बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मण. उत्तर पेशवाईत फड गाजवणारा सगनभाऊ शिकलगार होता, जेजुरीचा. महाराष्ट्रासाठी डफावर थाप मारणारे अमर शेख म्हणजे बार्शीचे महबूब हुसेन पटेल. हे सगळं मास्तरांनी जीपमध्ये बोलून दाखवलं. आम्हाला ते माहीत होतं. फोनवरच्या माणसालाही माहीत असणार, मास्तरांनीच त्याला शाळेत शिकवलं होतं.

जीप थांबवून आम्ही रस्त्याच्या कडेला बोललो. मास्तर म्हणाले, परत फिरू. खजिनदार म्हणाले, गाडीचं भाडं ठरलंय, मायकवाल्याला पैसे द्यायचेत, आणि आपण गेलो नाही तर यात्रेत तेवढीच जागा कुणीतरी भलत्याच भाषणानं भरेल. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सोंगाड्या म्हणाला, "आज गण. उद्या मी हसवलं तर कुणाला हसायचं आणि कुणाला नाही हे पण फोनवर सांगतील." चाचा तेवढा वेळ एका दगडावर बसून तुणतुण्याची तार लावत होते. शेवटी सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. हीच आमची चूक, असं आज वाटतं. ज्याच्यावर आलंय त्यालाच विचारायचं, तुझं काय करू? तो काय सांगणार? चाचा म्हणाले, "जाने दो रे. गण किसने बी गाया तो क्या, झील तो मैंच पकडूंगा ना."

आम्ही गेलो. चाचा आमच्याआधी सकाळीच गावात पोचले होते असं नाही, पण दुपारी प्रयोगाआधी त्यांनी नेहमीसारखं देवळाच्या वाटेवर बांगड्यांचं दुकान मांडलं. बायका आल्या, नेहमीसारख्या. हात पुढं केले, माप सांगावं लागलं नाही. एका नव्या सुनेला हिरवा चुडा भरून त्यांनी वर दोन बांगड्या फुकट घातल्या, तशी त्यांची पद्धत. यजमानांपैकी कुणी तिथं आडवं आलं नाही. संध्याकाळी गण वाहकानं म्हटला. चाचा मागं सुरत्यांच्या ओळीत उभे होते, कानावर हात ठेवून झील धरत होते. सूर त्यांचा होता, शब्द दुसऱ्याचे. वग नीट झाला. पोरं हसली. तापलेली पोरं कुठली ते आम्हाला शेवटपर्यंत ओळखू आलं नाही.

सामान भरताना एक म्हातारेबुवा काठी टेकत आले. दरवर्षी येतात. म्हणाले, "आज गणाला आवाज येगळा वाटला. चाचाचा घसा बसलाय का काय?"

आम्ही हो म्हणालो.

खरं सांगायची ती एकच वेळ होती आणि विचारणारा माणूस तोच एक होता. त्यानं सगळ्या गावात पोचवलं असतं. आम्ही अकराजण तिथं उभे होतो आणि अकराजणांपैकी ज्यानं उत्तर दिलं तो एकटा दोषी नव्हता. बुवा म्हणाले, "हळद-दूध घ्या म्हणावं." चाचांनी त्यांना सलाम केला, घशाला हात लावून. खोटं त्यांनाही वठवावं लागलं.

पाकीट त्या रात्री खजिनदारांच्या हातात पडलं आणि त्यांनी ते फोडलं नाही. गाडीचं भाडं त्यांनी स्वतःच्या खिशातून दिलं, हे आम्हाला महिन्यानं कळलं. राहिलेले चार प्रयोग मे महिन्यात होते. त्यांतले दोन त्या वर्षीच्या अवेळी पावसानं धुतले. सोंगाड्या उरलेले दोन करून गेला, मन लावून केले, आणि मग त्यानं टोपी खुंटीला अडकवली. भांडण नाही, तंटा नाही. फोन केला की उचलतो, चाचांच्या घरी येतो, आमच्यातल्या दोघांचे मोबाईल त्यानं फुकट दुरुस्त करून दिले. "काम खूप आहे," म्हणतो. काम आहे हेही खरंच.

त्याच्या मागं 2025-26चा हंगाम उभाच राहिला नाही. थोडं कारण तो, थोडं बिबट्या. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पलीकडं शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूतच्या पट्ट्यात वीस-बावीस दिवसांत तीन जीव गेले, दोन लेकरं आणि एक म्हातारी. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्या दिवसांत कुणाला तमाशाचं विचारावं? दुपारचे तीन प्रयोग केले, सोंगाड्याची भूमिका वाहकानं केली. चांगला माणूस आहे. लोकांनी मान राखला, हसले नाहीत. 'मुक्काम पाण्यात' हे वाक्य त्यानं म्हटलं तर ते नुसतं दुःखाचं वाटतं.

हिशोबाच्या बैठकीत पाकिटाचं काय करायचं यावर मतं पडली. मास्तर म्हणाले परत करा. ताई म्हणाल्या, परत केलं तर ते म्हणतील आमचं काय चुकलं, तुम्हीच तर कबूल झालात. त्यात त्यांचं तरी खोटं काय? शिंपी म्हणाला नवा पडदा करू. चाचा म्हणाले, वापरून टाका, पैशाला काय कळतं. खजिनदारांनी कुणाचंच ऐकलं नाही. पाकीट दोन वेळा वहीसकट पेटीत गेलं आणि तिथंच आहे. लेखापरीक्षकांना त्यांनी ते अनामत म्हणून दाखवलंय. कुणाची अनामत, असं परीक्षकांनी विचारलं. खजिनदार म्हणाले, ठरायचंय.

मध्यंतरी त्याच गावाहून पुन्हा फोन आला. तोच माणूस. पुढच्या यात्रेची तारीख सांगितली आणि म्हणाला, चाचांना आणा, बाया इचारत्यात, त्यांच्याबिगार बांगड्या कुणाच्या हातनं भरायच्या? गणाचं काही बोलला नाही. मास्तरांनी फोनवर हो-नाही काही न म्हणता सांगितलं, पत्रानं कळवतो. हे आमच्या मंडळात कधी झालं नव्हतं, फोनवर ठरतं सगळं. मग मास्तरांनी मंडळाच्या कागदावर, शिक्क्यासह, पत्र लिहिलं. तारीख मान्य, रक्कम मान्य, वेळ दुपारी चार. आणि पहिलं वाक्य, गण नेहमीप्रमाणे आमचे ज्येष्ठ कलावंत म्हणतील.

पत्र वाचून दाखवलं तेव्हा चाचा म्हणाले, ते पहिलं वाक्य काढून टाका, असलं लिहून देतात का कुठं? मास्तर म्हणाले, ते वाक्य राहणार. वाद रात्रीपर्यंत चालला. मग ताईंनी सोंगाड्याला फोन लावून पत्र वाचून दाखवलं, मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाठवलं की सांगा."

पत्र अजून पेटीत आहे, पाकिटाच्या शेजारी. चाचांची सही व्हायची आहे. घटनेप्रमाणं अध्यक्ष तेच आहेत.